तंजावरचा सरस्वती महाल : राजाची पोथीशाळा सार्वजनिक होते तेव्हा

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांपुढे ग्रंथालयांविषयी बोलायचे, तर बडोद्याचे नाव आधी ओठांवर येते. सयाजीराव महाराजांचे कार्य तेवढे मोठेच आहे. आज मात्र मी आपल्याला त्याहून बरेच दक्षिणेला नेणार आहे. तंजावरच्या राजवाड्यात एक ग्रंथालय आहे. वाडा मुळात नायक राजांचा. 1676च्या सुमारास व्यंकोजी राजे तेथे आले आणि पुढे पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचे घराणे त्यात नांदले. नायकांनी बांधलेल्या भिंतींना मराठ्यांनी नवे चौक, नवे दिवाणखाने जोडले. त्याच वाड्याच्या एका भागात आज सुमारे 49,000 हस्तलिखिते आहेत. त्यांतली 39,000हून अधिक संस्कृत, साडेतीन हजारांच्या आसपास तमिळ, तीन हजारांच्या घरात मराठी आणि काहीशे तेलुगू. मोडी कागदपत्रांची तेराशेहून अधिक बाडे वेगळीच.

या ग्रंथालयाला सरफोजी राजांचे नाव आहे. पण पोथ्या जमवण्याची सुरुवात नायकांच्या काळातली, आणि व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे (1684–1712) स्वतः ग्रंथकार होते. त्यांच्या नावावर असलेले ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले ते 1843 साली. मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीपासून मोजायची आपली सवय तंजावरच्या पोथ्या पाहिल्यावर थोडी अडखळते. त्या नाटकांची परंपरा पुढे महाराष्ट्रात वाहिली नाही हे खरे, म्हणून भाव्यांचा मान कमी होत नाही. पण मोजायचेच, तर सगळे मोजावे.

सरफोजी (दुसरे) गादीवर आले 1798 साली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1799 मध्ये, कंपनी सरकारशी तह झाला आणि राज्यकारभार गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, ठरावीक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. राज्य नसलेला राजा काय करतो? बहुतेकांनी काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. सरफोजींनी पुस्तके घेतली. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाला इंग्रजी उत्तम येत होते. युरोपातून मागवलेल्या ग्रंथांवर ते इंग्रजीत सही करीत, आणि त्या सह्या आजही तिथल्या पुस्तकांवर दिसतात. वैद्यक, रसायन, भूगोल, चित्रे असा त्यांचा हव्यास चौफेर होता. शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची माणसाच्या आणि जनावराच्या चेहऱ्यांची तुलना करणारी चित्रेही त्यांच्या संग्रहात आहेत. धन्वंतरी महालात वैद्यांकडून औषधयोगांची पारख करून घेतली जाई. वाड्यात देवनागरी छापखाना होता. त्यातून 1806 साली इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडले. केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

1820 ते 1822 या काळात राजे काशीयात्रेला गेले. बरोबर सुमारे तीन हजार माणसे होती. यात्रा पुण्यासाठी होती, तशी पोथ्यांसाठीही होती. वाटेतल्या क्षेत्रांतून आणि काशीहून ग्रंथ विकत घेतले, जे मिळाले नाहीत त्यांच्या नकला करवल्या. या यात्रेवर रचलेल्या मराठी लावण्या पुढे ग्रंथालयानेच छापल्या. लावणी म्हटले की आपल्याला जे आठवते ते बाजूला ठेवून त्या वाचाव्यात. त्या एका लांबच्या प्रवासाची हकिगत सांगतात.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि एरवी तो सर्वात कमी सांगितला जातो. 1855 साली सरफोजींचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले. पुढच्या वर्षी कंपनीच्या कमिशनराने फौज लावून वाडा ताब्यात घेतला. राज्य तर आधीच गेले होते. आता खासगी मालमत्तेलाही हात घातला गेला. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या कोर्टात दावा लावला आणि तिथे त्या जिंकल्या. पण 1859 मध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. हे सरकारचे राजकीय कृत्य आहे, त्यात न्यायालयाला पडता येत नाही, असा तो निर्णय होता. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून शिकवला जातो. शेवटी 1862 साली सरकारने मालमत्ता कुटुंबाला परत केली. या सात वर्षांत ग्रंथसंग्रह लिलावात निघाला असता, जहाजावर चढला असता, तरी आश्चर्य वाटले नसते. नागपूरकरांच्या जवाहिराचे आणि हत्तीघोड्यांचे त्याच सुमारास काय झाले ते आठवावे.

संग्रह राहिला. 1870 नंतर तंजावरला जिल्हा न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांनी त्याची वर्गीकृत सूची केली. ती 1880 साली लंडनला छापली गेली आणि युरोपातल्या पंडितांना तंजावर ठाऊक झाले. पण ती सूची केवळ संस्कृत ग्रंथांची. मराठी पोथ्या आणि मोडी बाडे तिच्यात नाहीत. विद्वत्तेची नजर जिथे वळते तिथेच दिवा लागतो. बाकीचे दालन तसेच अंधारात राहिले.

मग वारसांमधले वाद आले. अखेर राजघराण्यातल्या ज्येष्ठ वारसाने, वकील टी. आर. जोशी यांच्या सल्ल्याने, हा संग्रह लोकांना देऊन टाकला. 5 ऑक्टोबर 1918 रोजी मद्रास सरकारने तो ताब्यात घेऊन सार्वजनिक ग्रंथालयाची व्यवस्था लावली. देखभालीसाठी राजघराण्याने एक लाख रुपये बाजूला काढले. त्या काळचे लाख रुपये! शिवाय जंबुनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांचे खासगी संग्रहही त्यात येऊन मिळाले. ही नावे ऐकताच कळते की राजवाड्याबाहेरही तंजावरात मराठी घरांच्या फळ्यांवर पोथ्या होत्या.

दार उघडल्याने काय झाले, याचे उत्तर पाच-सात वर्षांतच मिळाले. सदाशिव महादेव दिवेकर तंजावरच्या पोथ्यांपर्यंत पोहोचले. 1923 साली त्यांनी जयराम पिंड्यांचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ छापले, आणि 1927 साली कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’, मराठी भाषांतरासह. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचलेले हे काव्य. एकतीस अध्याय पूर्ण आणि बत्तिसाव्याचे नऊ श्लोक एवढेच मिळते. जेधे शकावलीने शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य 3, शके 1551 अशी दिली होती. ती लोकमान्य टिळकांनी 1916 साली उजेडात आणली, पण एका शकावलीच्या भरवशावर जुनी वैशाख शुद्ध 2, शके 1549 ही तिथी सोडायला बरेच अभ्यासक तयार नव्हते. शिवभारतातही तीच फाल्गुनातली तिथी निघाली. समकालीन कवीचा दाखला मिळाल्यावर पारडे झुकले. महाराष्ट्र सरकारने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली ती 2001 साली, म्हणजे दिवेकरांनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. दरवर्षी आपण ज्या दिवशी जयंती साजरी करतो, त्या दिवसाचा एक मोठा पुरावा तमिळ मुलखात, कावेरीकाठी टिकला. तो पुण्यात वा साताऱ्यात टिकला असता असे मानायला मला आधार दिसत नाही.

टिकला तोही आपोआप नाही. ताडपत्रे दमट हवेत किडतात, कोरड्या हवेत तडकतात. वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर यांच्या पुरचुंड्या पोथ्यांच्या शेजारी ठेवण्याची रीत तिथे आहे. ताडपत्राला गवती चहाच्या जातीचे तेल लावतात. कापडी बासने बांधणे-सोडणे हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले ते बहुतेक तमिळभाषक कर्मचारी. मराठीचा ठेवा ज्यांनी राखला त्यांच्यातल्या अनेकांना मराठी येत नव्हते, हे आपण मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

आता मोडीच्या बाडांकडे येतो. त्यांत काव्य नाही. हिशेब आहेत, देवस्थानांची दाने, अन्नछत्रांचे खर्च, गवई-नर्तकींचे पगार, औषधांच्या याद्या. तमिळ मुलखातल्या एका दरबाराचे रोजचे जगणे मराठीत, मोडी वळणात लिहिलेले. याच सरफोजींनी 1803 साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशवृत्तान्त मराठीत कोरवला. तो दगडावर असल्याने सर्वांना दिसतो. बाडे मात्र सोडून वाचावी लागतात. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या कागदांपैकी निवडकांचे तमिळ भाषांतर खंडांतून छापले. तमिळ वाचकाला ते आज वाचता येते. मराठी वाचकासाठी त्या तोडीचे काम व्हायचे आहे.

त्यासाठी मोडी वाचणारी माणसे लागतील. आपल्यापैकी ज्यांच्या घरी माळ्यावर अजून इनामाची, देवस्थानाची, सावकारीची दप्तरे आहेत, त्यांना या अक्षराची ओळख करून घ्यायला तंजावरपर्यंत जायचीही गरज नाही. काही महिने रोज तासभर बसले तर स्वच्छ हाताचे मोडी वाचता येऊ लागते. घाईच्या हिशेबी हाताला त्याहून बराच वेळ लागतो.