बारा पॉइंट म्हणजे नेमके किती?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने एम.फिल.चा लघुप्रबंध पूर्ण केला. विषय मराठी, भाषा मराठी. नियमावलीत कागद, समास, ओळींतील अंतर यांबरोबर 'अक्षराचा आकार १२ पॉइंट' असे स्पष्ट म्हटले होते. तिने नियम तंतोतंत पाळला. मौखिकीच्या दिवशी सत्तरीकडे झुकलेले बहिःस्थ परीक्षक म्हणाले, "काम चांगले आहे, पण वाचायला भिंग घ्यावे लागले." १४ पॉइंटमध्ये नवी प्रत काढावी, असे आम्ही सुचवले, तर कार्यालयाने नियमावर बोट ठेवले. अखेर तिने स्वतःच्या खर्चाने सरांसाठी एक मोठ्या अक्षरांची प्रत वेगळी काढली. घरी आल्यावर मी फूटपट्टी घेऊन बसलो. १२ पॉइंट म्हणजे सुमारे सव्वाचार मिलिमीटर. तिच्या प्रबंधातला 'क' शिरोरेषेपासून पायापर्यंत अडीच मिलिमीटरही भरत नव्हता. मग उरलेले पावणेदोन मिलिमीटर गेले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर संगणकात नाही. ते शिशाच्या खिळ्यात आहे.

छापखान्यातला खिळा म्हणजे धातूचा लहानसा चौकोनी ठोकळा, आणि अक्षर त्याच्या माथ्यावर कोरल्यासारखे उभे. जुळाऱ्याला अक्षराच्या उंचीशी कर्तव्य नव्हते. त्याला ठोकळ्यांशी काम होते, कारण एका ओळीतले ठोकळे सारख्या मापाचे नसले तर ओळ सरळ बसत नाही आणि चौकट आवळली तरी खिळे निसटतात. म्हणून मोजायचा तो ठोकळा, अक्षर नव्हे. युरोपातल्या छापखान्यांत या मापांना प्रारंभी आकडे नव्हते, नावे होती. फ्रेंच मुद्रक एका मापाला 'सिसेरो' म्हणत, दुसऱ्याला 'सेंट ऑगस्टिन'. ज्या मापात त्या ग्रंथकारांची जुनी पुस्तके छापली गेली, त्यावरून ही नावे पडली, असे परंपरा सांगते. इंग्रजी छापखान्यांत ब्रेव्हियर, लाँग प्रायमर, पायका, ग्रेट प्रायमर अशी नावांची उतरंड होती. ऐकायला गोड, पण व्यवहारात तापदायक. कारण एका ओतशाळेचा पायका दुसरीच्या पायकाशी जुळेलच याची शाश्वती नव्हती. एकदा एका ओतशाळेचे खिळे घेतले की कमी पडलेले खिळेही तिच्याकडूनच घेणे भाग पडे. मापांची ही अनागोंदी काहींच्या सोयीचीही होती, हे विसरू नये.

१७२३ साली फ्रान्समध्ये ग्रंथव्यवसायासाठी राजाज्ञा निघाली आणि खिळ्यांना नियमात बसवण्याचा प्रयत्न झाला. पण आज्ञा काढून ओतशाळांतले साचे बदलत नाहीत. पुढचे पाऊल टाकले ते एका कारागिराने. पियेर-सिमों फूर्निए या पंचवीस वर्षांच्या टंककाराने १७३७ साली प्रमाणांचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. त्याची कल्पना साधी होती: एक अगदी लहान एकक धरायचे, त्याला 'पॉइंट' म्हणायचे आणि प्रत्येक नावाला एक संख्या द्यायची. सिसेरो बारा, नाँपरेय सहा. आता सहाचे दोन ठोकळे एकावर एक ठेवले की बाराच्या एका ठोकळ्याइतके भरणार. नावांच्या जगात बेरीज नव्हती. फूर्निएने ती आणली. त्याच्या कामात एक अडचण मात्र राहिली. त्याने आपली मापपट्टी कागदावर छापून दिली, आणि ओलसर कागदावर छापलेली पट्टी कागद वाळला की आकसते. शिवाय त्याचा पॉइंट देशातल्या कोणत्याही मान्य मापाशी बांधलेला नव्हता.

ही त्रुटी पुढच्या पिढीत फ्रांस्वा-आंब्रुआझ दिदो याने दूर केली. १७८० च्या दशकात त्याने पॉइंट थेट 'राजाच्या पावला'ला, म्हणजे फ्रान्समधल्या अधिकृत फुटाला बांधला. त्या फुटाच्या इंचाचा बहात्तरावा भाग म्हणजे एक पॉइंट. आजच्या मापात तो सुमारे ०.३७६ मिलिमीटर भरतो, फूर्निएचा ०.३४९ च्या आसपास होता. आता काळाचा विनोद पाहा. दिदोने राजाचे पाऊल धरले आणि थोड्याच वर्षांत राज्यक्रांती झाली. राजा गेला, १७९५ साली मीटर आला, राजाचा फूटही कालबाह्य झाला. पण शिशाचे खिळे मात्र त्या पावलावर पाऊल ठेवून चालतच राहिले. जर्मनीत दिदोचा पॉइंट रुजला, तेव्हा तेथील ओतशाळाचालक हेर्मान बर्टोल्ड याने १८७९ च्या सुमारास त्याला मीटरशी जोडले: एका मीटरमध्ये २६६० पॉइंट. आकड्याकडे पाहिले तरी कळते की मीटर येथे पाहुणा आहे, घरधनी नव्हे.

अमेरिकेत हे काम आगीने केले. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो शहर जळाले, त्यात मार्डर, ल्यूस आणि कंपनी ही ओतशाळाही भस्मसात झाली. साचे नव्याने करायचेच होते, तेव्हा ते एका पद्धतीने करावेत, हा विचार तिथे मूळ धरू लागला. जुना साठा असता तर तो टाकून देण्याचे धाडस कुणी केले असते की नाही, शंकाच आहे. १८८६ साली अमेरिकी ओतशाळांच्या संघाने एक माप स्वीकारले. इंचाचा बरोबर सहावा भाग म्हणजे पायका, असा सुटसुटीत पर्याय समोर होता. पण फिलाडेल्फियाच्या ओतशाळेचा 'जॉन्सन पायका' अधिक ठिकाणी चालत होता, आणि तो इंचाच्या सहाव्या भागाहून केसभर कमी होता. साचे बदलण्याचा खर्च कमीत कमी यावा म्हणून तोच निवडला गेला. ३५ सेंटिमीटरमध्ये ८३ पायका, अशी त्याची कसोटी ठरली. परिणामी एका इंचात ७२ नव्हे, तर सुमारे ७२.२७ पॉइंट. गणिताने सुचवलेले माप बाजूला पडले आणि गोदामाने सुचवलेले जिंकले.

सुमारे शंभर वर्षे हा अपूर्णांक सुखाने नांदला. डोनाल्ड नूथ यांनी १९७८ साली 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली सिद्ध केली, तेव्हा छापखान्याच्या परंपरेचा मान राखून त्यांनी ७२.२७ कायम ठेवले आणि इंचाच्या नेमक्या बहात्तराव्या भागाला 'बिग पॉइंट' असे निराळे नाव दिले. पण १९८४ साली अडोबीच्या पोस्टस्क्रिप्टने इंचाचे सरळ ७२ भाग केले. त्याच वर्षी आलेल्या मॅकिन्टॉशच्या पडद्यावरही इंचात ७२ ठिपके होते. एक ठिपका, एक पॉइंट. १९८५ मध्ये आल्डसचे पेजमेकर आले आणि पृष्ठमांडणी टेबलावर उतरली. शतकभराचा अपूर्णांक त्यामुळे पुसला गेला. त्यासाठी ना राजाज्ञा निघाली, ना संघाची बैठक भरली. फरक लहान आहे: वीस सेंटिमीटरच्या मजकुरात पाऊण मिलिमीटर. तरीही क्वार्क एक्सप्रेस आणि इनडिझाइन यांच्या सेटिंगमध्ये इंचाला किती पॉइंट धरावेत, हे बदलण्याची सोय ठेवली गेली. जुनी पुस्तके पुन्हा जुळवणाऱ्याला तो पाऊण मिलिमीटर ठाऊक असतो.

म्हणजे 'बारा पॉइंट' हे फूर्निएकडे ४.१९ मिलिमीटर, दिदोकडे ४.५१, अमेरिकी ओतशाळांत ४.२२ आणि आपल्या संगणकात ४.२३. आकडा एक, मापे चार. आणि या चारही मापांत मोजला गेला तो ठोकळाच. आता ठोकळा उरलेला नाही. संगणकात त्याच्या जागी एक अदृश्य चौकट आहे, आणि तिच्यात अक्षराने किती जागा व्यापावी हे टंककार ठरवतो. हरवलेले पावणेदोन मिलिमीटर त्या चौकटीत आहेत.

येथे देवनागरीचा प्रश्न उभा राहतो. रोमन लिपीची अक्षरे एका पायरेषेवर उभी राहतात. थोडी वर जातात, थोडी खाली. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते. तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि पायाखाली उतरणारी जोडाक्षरे. 'मूर्तींच्या' किंवा 'सर्वोत्कृष्ट' हे शब्द लिहून पाहावेत. खिळ्यांच्या काळात मात्रा, अक्षर आणि उकार यांचे वेगळे खिळे तीन मजल्यांवर रचण्याची पद्धत होती. संगणकाने ते मजले एका चौकटीत कोंबले. चौकट तेवढीच राहिली की मधला मजला बुटका होणे ओघानेच आले. म्हणून एकाच आकड्याला देवनागरी मजकूर रोमनपेक्षा बहुधा लहान दिसतो, आणि टंक बदलला की तोच आकडा पुन्हा वेगळा दिसतो.

आमच्या नियमावलीतले '१२' इंग्रजी प्रबंधांच्या नमुन्यावरून आले होते आणि मराठीला तसेच लावले गेले. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सर्वांना एक माप, यासारखे न्याय्य काय असणार? पण माप ठोकळ्याचे होते आणि वाचायचे अक्षर होते.

आपल्या भाषेत 'तसूभरही हलला नाही' असे आपण म्हणतो. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. गज गेला, तसू गेले, वाक्प्रचार राहिला. त्यात कुणाचे काही बिघडत नाही, कारण तसूभर म्हणताना कुणी मोजपट्टी काढत नाही. पॉइंटचे तसे नाही. त्याच्या आधारे प्रबंध परत पाठवले जातात, पाठ्यपुस्तके छापली जातात, म्हाताऱ्या डोळ्यांना भिंग घ्यावे लागते. देवनागरीसाठी नियम करताना आकड्याऐवजी छापील अक्षराची उंची सांगावी, किंवा टंकाचे नाव घेऊन छापलेला एक नमुना परिच्छेद जोडावा, एवढी सूचना मी लेखी दिली आहे. तोवर विभागात एक पद्धत आम्ही सुरू केली आहे: प्रबंध छापायला देण्यापूर्वी त्याचे एक पान काढायचे, आणि ते विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला चष्म्यासह वाचायला द्यायचे.