शिरढोणचे फडके आणि सरहद्दीपलीकडचे रोहिले

कोनच्या मुलांना पळस्पे गाव परके नाही. १८७९ च्या मे महिन्यात याच पळस्प्याच्या बाजूला दौलतराव नाईक रामोशी यांच्या टोळीने दरोडा घालून सुमारे दीड लाखाची लूट नेली. तिचा हेतू इंग्रजी राज्य उलथण्यासाठी पैसा उभारणे हा होता. या बंडाचे म्होरके वासुदेव बळवंत फडके हेही आपल्याच पनवेल तालुक्यातले. शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला.

फडके पुण्यास लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. मुलांच्या शिक्षणासाठी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही संस्था काढणाऱ्यांत ते एक होते. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात रयतेचे हाल पाहून त्यांनी हत्यार उचलले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला छापा पडला. परंतु लूट हाती येताच माणसे पांगू लागली. पळस्प्याहून परतताना दौलतराव मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढताना मारले गेले आणि बंडाचा कणा मोडला.

फडके दक्षिणेस श्रीशैलला गेले. तेथून त्यांनी निजामाच्या मुलखातील रोहिल्यांशी संधान बांधले. सुमारे पाचशे रोहिले जमवून पुन्हा उठाव करण्याचा बेत होता. पण निजाम सरकार इंग्रजांचे दोस्त होते, त्यामुळे सरहद्दीचा आसरा मिळाला नाही. मेजर डॅनियल आणि हैदराबादचे पोलिस अधिकारी अब्दुल हक यांनी पाठलाग करून २० जुलै १८७९ रोजी कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे त्यांना पकडले. पुण्यास खटला चालला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी बचाव केला, तरी जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

विद्यार्थी मित्रांनो, या इतिहासात आपली माणसे कोठे होती, असे तुम्हांस कोणी विचारील. ज्यांच्या भरवशावर फडके नवी फौज उभारू पाहत होते ते रोहिले मुसलमान होते, आणि ज्यांनी त्यांना धरले ते अब्दुल हकही मुसलमान होते. पैसा, नोकरी आणि राजनिष्ठा यांनी माणसे वाटली गेली होती, धर्माने नव्हे. म्हणून एका नावावरून साऱ्या जमातीचा गौरव करू नये, की साऱ्या जमातीला दोषही देऊ नये. ज्या शिरढोणकराने बंडाआधी शाळा काढली, त्याची गोष्ट नीट वाचणे हेच त्याचे खरे स्मरण होय.