घरातली शाळा आणि थोरल्या मुलीचा तास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी लेख मागितला, तेव्हा विषयही त्यांनीच दिला: घरातल्या लहानमोठ्या मुलांचा अभ्यास एकाच वेळी कसा घ्यावा. मी काही शिक्षिका नव्हे. परंतु २०२० साली शाळा बंद पडल्या आणि आमच्या यवतमाळच्या घरात पाच मुलांची शाळा मला मांडावी लागली, हे त्यांना ठाऊक होते. त्या वेळी केलेली एक चूक निस्तरताना मी बरीच जुनी माहिती धुंडाळली. तीच भगिनींपुढे ठेवते.

थोरली नात दहावीत, तिच्या पाठचा सातवीत, धाकट्या दिरांची नातवंडे चौथीत व दुसरीत, आणि शेंडेफळ चार वर्षांचे. मोबाईल मात्र एकच. मी पुठ्ठ्यावर वेळापत्रक आखले, आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा मराठी, आणि मोठ्या ऐटीत स्वयंपाकघराच्या दारामागे टांगले. तिसऱ्या दिवशीच त्याची दैना झाली. चौथीतल्याला भागाकार सांगावा तर दुसरीतली पाटी घेऊन समोर उभी, आणि शेंडेफळाने तोवर पाण्याचा तांब्या वह्यांवर लवंडलेला. सुना निंदणासाठी शेतात गेलेल्या. मग मी थोरलीला हाक मारी. ती येऊन एकीला अक्षरे गिरवायला देई, एकाची बेरीज तपासी, धाकट्याला कडेवर घेई. आठवडाभरात सारे सुरळीत चालू लागले आणि मला त्याचा थोडा गर्वही झाला. महिन्याने तिची बीजगणिताची वही हाती आली, ती जवळजवळ कोरी होती. मी रागावले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आजी, त्या पुठ्ठ्यावर माझा तास कुठे आहे?” जाऊन पाहिले. पुठ्ठ्यावर चौघांचीच नावे होती.

वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र शिकविण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. दिवेलागणीला देवापुढे हात जोडून झाले की परवचा म्हणावयाची, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. धाकटी मुले साधे पाढे म्हणत, मोठी पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी म्हणत. औटकीपर्यंत पोहोचलेला मुलगा घरात मोठ्या मानाने वावरे. (औट म्हणजे साडेतीन, हे आता नातवंडांना समजावून सांगावे लागते.) धाकट्यांच्या कानावर मोठ्यांचे पाढे आपोआप पडत. आई भाकऱ्या थापता थापता चूक पकडी. त्याला वेगळा वेळ लागत नसे, कागदही लागत नसे.

मोठ्याने लहानाला शिकवावे ही रीतही आपल्या पंतोजींच्या शाळांतून होती. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर देखरेख करीत असे. एके दिवशी घोड्यावरून जाताना त्याला एका देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना दिसली. आपल्या शाळेतल्या मास्तरांना ते रुचेना, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलाकडेच धाकट्यांचा वर्ग सोपविला. १७९७ साली त्याने लंडनमध्ये ह्यावर पुस्तक छापले आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडभर पसरली. युक्ती स्वस्त होती, हे तिच्या यशाचे मोठे कारण. परंतु मला आता त्या आठ वर्षांच्या मुलाचे कुतूहल वाटते. त्याचा स्वतःचा धडा कोण घेत असेल?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर पंडिता रमाबाईंच्या आईने दिले आहे. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. त्या काळी हे मोठेच धाडस. लोकांचा रोष सोसून त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे अरण्यात बिऱ्हाड केले. तिथे विद्यार्थी राहावयास असत, पाहुणे येत, आणि त्या सर्वांचे रांधणे लक्ष्मीबाईंकडे. थोरल्या मुलांना शास्त्रीबोवांनी स्वतः शिकविले. रमाबाई शेवटच्या, १८५८ सालच्या. त्यांची शिकण्याची वेळ आली तोवर वडील थकले होते, म्हणून ते काम आईने उचलले.

पण वेळ कुठला? लक्ष्मीबाईंनी पहाटेचा काढला. घरकाम सुरू होण्याआधी झोपेतल्या मुलीला गोंजारून उठवावयाचे आणि तोंडी पाठ द्यावयाचा. रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली अमेरिकेत छापले गेले, त्याच्या प्रस्तावनेत हे वर्णन आले आहे. पुष्कळजण हे दृश्य अरण्यातल्या पर्णकुटीत रंगवितात. ते तसे असणार नाही, कारण रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले होते आणि पुढे वर्षानुवर्षे गावोगाव पुराणे सांगत फिरले. आईने शिकविले ते सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत, म्हणजे धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत, जिथे मुक्काम पडेल तिथे. दररोज गाव बदलत असेल तरी पहाट बदलत नसे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. १८७८ साली भावाबरोबर कलकत्त्याला पोहोचलेल्या त्या तरुणीला तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले.

तथापि प्रत्येक घरी लक्ष्मीबाई नसते, आणि पहाटेच कामावर जाणाऱ्या आईने काय करावे? ह्याचा विचार ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी केला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ साली ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, ह्या विचारातून अंगणवाडी निघाली. १९७५ च्या सरकारी योजनेने पुढे हाच शब्द देशभर नेला. वारली मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा.

माझ्या मते त्यांची खरी सूक्ष्म दृष्टी विकासवाडीत दिसते. थोरली मुलगी शाळेत का येत नाही, तर काखेत धाकटे भावंड असते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणी जवळजवळ ठेवले. भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली पाटीवर. मुलीला दोष न देता तिच्या काखेतले ओझे उतरविले. आपल्या जिल्ह्यात दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू झाली की कोणत्या घरातली कोणती मुलगी शाळेत दिसेनाशी होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

हे वाचून मी पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूस नवे वेळापत्रक लिहिले. पहिली ओळ थोरलीची: पहाटे पाच ते सात, तिला कोणी हाक मारावयाची नाही, पाणी भरावयाससुद्धा नाही. ते मी भरीन. धाकट्याला सकाळी दोन तास शेजारच्या काकूंकडे सोडू लागलो. त्यांच्या नातीला दुपारी मी सांभाळी. तास विषयांचे राहिले नाहीत. एकाला समजावून सांगताना दुसऱ्याने लिहावे आणि तिसऱ्याने पाठ करावे, एवढीच शिस्त राहिली. मोबाईल दुपारी सातवीतल्याला. संध्याकाळी परवचा, सर्वांची एकत्र. शेंडेफळ पाच पाढे नुसते ऐकून शिकले. थोरली आठवड्यातून दोनच दिवस धाकट्यांना शिकवी, तेही तिला आवडे म्हणून.

ती सबंध वर्ष पहाटे उठली. २०२१ साली राज्यात दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. बातमी आली त्या दिवशी धाकट्यांनी उड्या मारल्या, आणि ही मात्र मागच्या दारी बसून रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, “मला सगळे येत होते गं आजी.” काय बोलावे मला सुचेना. दुसऱ्या दिवशी पाच वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला. ती अकरावीचे पुस्तक उघडून बसली होती. मी पाण्याची बादली उचलली आणि आवाज न करता मागच्या दाराने गेले.