तेलाच्या वाटीपासून तप्त तारेपर्यंत : इंजिनातील हवेचे मोजमाप

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंधन आणि हवा यांचा हा मेळ घालण्याची रीत काळानुसार बदलत गेली, आणि तिच्याबरोबर धाराशिव जिल्ह्यातील मिस्त्रींचे कामही बदलले.

पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. दोनच वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, धाराशिवसह मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. पुढच्या काळात डिझेल इंजिन आधी विहिरीवर आणि मग ट्रॅक्टर व जीपमधून गावोगाव पोहोचले. या इंजिनांत हवा मोजली जात नसे. किती डिझेल सोडायचे ते पंप आणि गव्हर्नर ठरवत. धूर काळा पडला की डिझेल जास्त झाले किंवा हवा कमी पडली, हे मिस्त्री नजरेने ओळखत. कच्च्या रस्त्यांची धूळ एअर क्लीनरच्या तळाशी असलेल्या तेलाच्या वाटीत अडके. वाटी धुऊन तेल बदलण्याचे काम शेतकरी स्वतः करू शके. पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर होता. त्याचा स्क्रू इंजिनाचा आवाज ऐकत फिरवायचा, हेच ट्यूनिंग.

हवा मोजून इंधन सोडण्याची पद्धत परदेशात रूढ झाली. बॉश कंपनीने १९७० च्या दशकात हवेच्या जोराने हलणारी झडप वापरली, तर १९८० च्या दशकात तप्त तार. तारेवरून वाहणारी हवा तिची किती उष्णता नेते, याचे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्येच मांडले होते. सेन्सरमधील तार किंवा पातळ पट्टी आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा वाढली की तार थंड होऊ लागते आणि तापमान टिकवायला जास्त वीज लागते. त्या विजेवरून इंजिनाचा संगणक हवेचे वजन काढतो.

भारतात हा बदल प्रदूषणाच्या नियमांनी आणला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेचा अंदाज दाबाच्या सेन्सरवरून घेतात. कॉमन रेल डिझेल गाड्यांत मात्र धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवला जातो. तो किती फिरवायचा हे ठरवण्यासाठी हवेच्या प्रवाहाचा सेन्सर लागतो. नळदुर्ग-उमरग्यावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर अशा गाड्या वाढल्या, तसे पान्याच्या जोडीला स्कॅनर आवश्यक झाला.

जिल्ह्याच्या कोरड्या हवेत धूळ भरपूर. फिल्टर फाटला किंवा नीट बसला नाही, तर ती थेट तप्त पट्टीवर बसते आणि माप चुकते. पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज घटते, कधी काळा धूर येतो. नवा सेन्सर गाडीनुसार साधारण दोन-तीन हजारांपासून दहा हजार रुपयांच्याही पुढे जातो. बहुतेक गाड्यांत तो दोन स्क्रू आणि एका प्लगवर बसत असल्याने मजुरी किरकोळ असते; खरा खर्च सेन्सरचाच. म्हणून आधी फिल्टर, मग हवेचा पाइप आणि वायरिंग तपासावे. त्यानंतर सेन्सरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने, ब्रश न लावता, पट्टी साफ करावी. एवढे करूनही स्कॅनरवरचे आकडे जुळले नाहीत, तरच सेन्सर बदलावा.