‘आमचा पाठ’: जपानी शिक्षकांची एक जुनी रीत

१८७२ साली जपानने सार्वत्रिक शिक्षणाचा आदेश काढला आणि त्याच वर्षी टोकियोत शिक्षक घडवणारे सरकारी विद्यालय उघडले. तेथे मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने संपूर्ण वर्गाला एकत्र शिकवण्याची पद्धत दाखवली. मुलांना एकेकटे शिकवण्याची सवय असलेल्या जपानी गुरुजनांना ती नवीन होती. एकमेकांचे तास पाहत ती पसरली. त्यातूनच ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, ही परंपरा रुजली.

शिक्षक मिळून एक पाठ रचतात. एकजण तो वर्गात घेतो. बाकीचे कडेला उभे राहून टिपणे काढतात. नजर असते मुलांवर: कोण कुठे अडखळले, कोणाला काय सुचले. मग चर्चा, तीही कित्येकदा रोखठोक. पण पाठ सर्वांचा असल्याने दोष एकट्याच्या माथी येत नाही. खरी मेख इथेच आहे. (आपल्याकडे ‘दिपोटी’ तपासणीला यायचे म्हटले की गुरुजींच्या पोटात गोळा येई, येथे पाहणारे सहकारीच.)

१९९९ साली स्टिग्लर आणि हिबर्ट यांच्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकाने ही रीत अमेरिकेत गाजवली. तेथे दार लावून एकट्याने शिकवण्याची सवय मुरलेली होती. सहकाऱ्यांना वर्गात बोलावणेच अनेकांना जड गेले.