भीमजी पारेखांची अक्षरे

सुरत हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या मनापुढे १६६४ आणि १६७० या दोन सालांच्या स्वाऱ्या उभ्या राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच सुमारास या शहरात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची आठवण अक्षरांवर जगणाऱ्या आम्हां शिक्षकांसही क्वचितच होते. इंग्रज कंपनीचे येथील दलाल भीमजी पारेख यांनी प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ छापता यावेत म्हणून विलायतेहून एक कुशल मुद्रक पाठविण्याची मागणी कंपनीकडे केली. हे भीमजी सामान्य व्यापारी नव्हते. १६६९ मध्ये काजीच्या जाचाला कंटाळून सुरतेचे हजारो वाणी शहर सोडून भडोचेस गेले, तेव्हा त्यांचे पुढारपण यांच्याकडेच होते.

कंपनीने मागणी मान्य केली. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वार्षिक ५० पौंड वेतनावर मुंबईस आला. त्याच्यासोबत यंत्र, खिळे आणि कागदही आले. याच साली शिवाजी महाराजांनी आपला छापखाना भीमजींना विकला, अशी एक कथा आपल्याकडे सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही, आणि भीमजींची मूळ मागणी तर त्याआधीची आहे. तेव्हा ती कथा बाजूस ठेवणेच उचित.

यंत्र आले, माणूस आला, पैसा तर होताच. मग अडले कोठे? हिल्स हा मुद्रक होता, अक्षरे घडविणारा कारागीर नव्हता. आणलेले खिळे रोमन लिपीचे होते. ‘बनियन’ लिपीची, म्हणजे येथील वाण्यांच्या लिपीची, अक्षरे पोलादावर कोरणे, त्या ठशावरून साचा पाडणे आणि त्यात शिसे ओतणे ही विद्या त्याच्यापाशी नव्हती. भीमजी तरीही स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी आपल्याच माणसांकडून अक्षरे घडवून घेतली. १६७६ च्या सुरतेच्या पत्रव्यवहारात अशा अक्षरांत छापलेले कागद पाहिल्याचा, ते सुवाच्य असल्याचा, परंतु काम खर्चाचे आणि अतिशय संथ असल्याचा उल्लेख सापडतो. अक्षरे ओतणाऱ्या कारागिराचीही मागणी झाली. पुढे मात्र हा उद्योग इतिहासातून नाहीसा होतो. त्या कागदांपैकी एकही आज उपलब्ध नाही, आणि ती अक्षरे कोणी, कशी कोरली याची एक ओळही मागे उरलेली नाही.

ही अडचण किती मोठी होती, ते गोव्याकडे पाहिले म्हणजे कळते. तेथे १५५६ मध्येच छापखाना आला होता. फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की, येथील लिपीत छापावयाचे तर सुमारे ६०० साचे लागतील. म्हणूनच त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापले गेले. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांनी आपली लिपी समृद्ध केली आहे, पण तीच समृद्धी कारागिराला कसोटीस लावते.

भीमजींना न साधलेले कार्य शंभर वर्षांनी बंगालमध्ये साधले. १७७८ साली चार्ल्स विल्किन्स याने हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी अक्षरे घडविली आणि ती विद्या पंचानन कर्मकार या लोहारास शिकविली. पंचाननाने ती श्रीरामपूर येथे आपला जावई मनोहर यास दिली. याच श्रीरामपुरास १८०५ मध्ये कॅरेचे मराठी व्याकरण छापले गेले. सुरतेत जन्मलेले फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ साली मुंबईत गुजराती छापखाना काढला आणि १८२२ साली ‘मुंबई समाचार’ सुरू केले. म्हणजे सुरतेच्या मातीत कर्तृत्वाची वाण नव्हती. आमच्या मते, बंगालमध्ये विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली. भीमजींच्या माणसांची विद्या त्यांच्याबरोबरच संपली. यंत्र विकत आणता येते. त्यामागचे कसब मात्र कोणी शिकविले किंवा लिहून ठेवले, तरच टिकते.

हा सर्व इतिहास आठवण्यास निमित्त घडले ते आमच्याच शाळेत. या शहरात कामानिमित्त स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांची मुले आमच्याकडे मराठी शिकतात. सुमारे २५ वर्षांपूर्वी आम्ही शाळेची स्मरणिका संगणकावर जुळवून छापली. गेल्या वर्षी ती पुन्हा छापावी म्हणून जुनी तबकडी उघडली, तो पडद्यावर केवळ रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! ज्या अक्षरसंचात ती जुळविली होती, तो आता कोणत्याही यंत्रावर नव्हता. त्याची रचना कशी होती हे सांगणारा कागदही आमच्यापाशी नव्हता. कागदावरच्या प्रती तर पुराच्या पाण्यात गेल्या होत्या. कित्येक मुलांच्या वडिलांनी बालपणी लिहिलेले पहिले लेख त्यात होते.

वस्तुतः देशात या प्रश्नाचा विचार झाला होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी ‘युनिकोड’ या जागतिक संकेतातही देवनागरीला स्थान मिळाले. त्यात ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे, आणि तो सर्व यंत्रांवर तोच राहतो. परंतु तेव्हा पुष्कळ मुद्रणालये आपापले खाजगी संकेत वापरीत. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या यंत्रावर भलतेच चिन्ह होऊन उमटे.

आमचा एक माजी विद्यार्थी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. त्याने आठवडाभर बसून त्या खिचडीतील प्रत्येक चिन्ह कोणत्या मराठी अक्षराचे, याचे कोष्टक तयार केले. छोटी आज्ञावली लिहिली, आणि स्मरणिका परत वाचता येऊ लागली. त्याच्या कामाची पद्धत आम्ही जवळून पाहिली. त्याचे मुख्य साधन म्हणजे ‘गिट’ नावाची नोंदवही. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. आज्ञावलीत केलेला प्रत्येक बदल आणि तो का केला याचे कारण तीत राहते. रफाराने कोठे घोटाळा केला आणि ऱ्हस्व वेलांटी का उलटी पडली, हेही त्याने तीत टिपले. काम संपल्यावर ते कोष्टक आणि कृती त्याने सोप्या मराठीत लिहून सर्वांसाठी खुली केली. आम्ही विचारले, ‘अरे, हे फुकट का देतोस?’ तो म्हणाला, ‘सर, मीही हे अशाच कोणी लिहून ठेवलेल्या टिपणांवरून शिकलो.’

या मार्गाचा एक थोर पुरस्कर्ता डोनाल्ड नूथ होय. आपल्या ग्रंथाची सदोष जुळणी पाहून या गणितज्ञाने १९७७ साली अक्षरजुळणीची ‘टेक’ ही प्रणाली रचावयास घेतली, आणि १९८६ मध्ये तिचा संपूर्ण पाठ स्पष्टीकरणासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आज्ञावली माणसाने वाचावी अशी लिहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहॉइस यांना १९९१ साली याच प्रणालीसाठी देवनागरी अक्षरे रचता आली, ती या उघडेपणामुळेच.

म्हणून आमची शिक्षकबंधूंना आणि संस्थेच्या सभासदांना विनंती आहे की, जो मजकूर आपण संगणकावर सिद्ध कराल, तो प्रमाण संकेतातच करावा. आणि त्यासोबत एक पानभर टिपण जोडावे: कोणते साधन वापरले, कोणत्या क्रमाने वापरले, अडचण कोठे आली. आमच्या शाळेच्या दप्तरात असे पहिले टिपण स्मरणिकेच्या नव्या प्रतीसोबत ठेवले आहे. ते त्या माजी विद्यार्थ्याने लिहिले असून आठवीच्या मुलांनी त्याची नक्कल करून घेतली आहे.