द्विज बटूची कुळकथा

विझलेल्या ताऱ्याच्या मागे उरणाऱ्या गाभ्याला 'व्हाइट ड्वार्फ' हे नाव विलेम लुयटन यांनी १९२२ साली दिलं. मराठीत त्याचा 'श्वेत बटू' झाला. ठेंगू, बुटका हे शब्द हाताशी असताना मुंजीतला बटू कसा आला? माझा तर्क असा, की प्रतिशब्द घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वामन असणार. कोणी म्हणेल, संस्कृत शब्द भारदस्त वाटला, एवढंच. असेलही. पण मुंज झालेला बटू म्हणजे द्विज, दोनदा जन्मलेला. आणि वजनदार श्वेत बटूंपैकी काही खरोखरच द्विज निघालेत. हा योग माझ्या डोक्यातून जात नाही.

साधा बटू सूर्याच्या ०.६ पट वस्तुमानाचा, आणि बटूच्या वस्तुमानाची कमाल, म्हणजे चंद्रशेखर मर्यादा, १.४च्या आसपास. मग १.१, १.२चे हे गडी कुठले? एक पक्ष म्हणतो, सात-आठ सूर्यांएवढा एकच तारा विझून असा बटू उरतो. दुसरा म्हणतो, दोन तारे एकमेकांत मिसळले.

माझं मत दुसऱ्याला, आणि साक्षीदार कार्बन. १३० प्रकाशवर्षांवरचा 'डब्ल्यूडी ०५२५+५२६' घ्या. वस्तुमान १.२, आणि साध्या प्रकाशात चारचौघांसारखंच हायड्रोजनचं वातावरण. बटूचं गुरुत्व इतकं जबर, की जड ते तळाला जातं आणि हायड्रोजन दुधावरच्या सायीसारखा वर धरतो. एकट्याने म्हातारा झालेल्या ताऱ्याची साय जाड असते. गाभ्यातला कार्बन तिच्यातून डोकावत नाही. इथे मात्र हबल अवकाश दुर्बिणीच्या अतिनील वर्णपटात कार्बनच्या रेषा सापडल्या. २०२५ साली संशोधकांनी निष्कर्ष मांडला, की साय नेहमीच्या दहा अब्जाव्या भागाएवढीच उरली आहे. बाकीची मिलनात जळाली.

प्रतिपक्ष म्हणेल, एकटा ताराही शेवटच्या हेलियमच्या भडक्यात हायड्रोजन गमावतो. खरंय, पण तेव्हा हेलियमचा थर मागे राहतो. इथे तोही नावापुरताच.

सारथी तारकासमूहातल्या 'डब्ल्यूडी जे०५५१+४१३५'च्या वातावरणात तर हायड्रोजन आणि कार्बन मिसळलेलेच आहेत. शिवाय तो धावतो जुन्या ताऱ्यांच्या वेगाने, आणि ऊब मात्र तरुणाची. दुसरा जन्म मान्य केल्याशिवाय या दोन वयांचा मेळ बसत नाही.

'०५२५'चा कार्बन जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसला नसता. अतिनील प्रकाश आपली हवाच अडवते. तो पकडणारं यंत्र २००९ साली हबलवर बसवलं गेलं. त्याचं नाव कॉस्मिक ऑरिजिन्स स्पेक्ट्रोग्राफ.